मराठी प्रत

अंधशाळेतल्या मुलांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा, कुणालाही बदलता येईल असा खुला परदेशी प्रोग्राम मराठी बोलत नव्हता. शर्वाणीने त्याची वेगळी प्रत काढून तिला मराठी शिकवलं आणि मूळ प्रोग्राममधले नवे बदल सहा वर्षं दर रविवारी त्या प्रतीत बसवले. आपली मराठी मूळ प्रोग्राममध्ये घ्यावी म्हणून तिने तो चालवणाऱ्यांना चारदा विनंतीही केली. चारही वेळा नकार आला.

या रविवारी नवे बदल उतरवताना ती थबकली. त्यात मराठी होती. ओळन्‌ओळ तिचीच, तिच्या चुकांसकट. वर नाव मात्र निषादचं, तिने हाताला धरून शिकवलेल्या सहकाऱ्याचं.

तिने त्याला फोन लावला.

"तुमच्या नावाने पाचव्यांदाही घेतलं नसतं," तो शांतपणे म्हणाला. "मुलांचं भलं झालं ना, ताई?"

तिने फोन ठेवला. बदल बसवूच नयेत असं तिला क्षणभर वाटलं, पण मग जुनी पडलेली प्रत हळूहळू चालेनाशी होऊन मुलांचे संगणक मुके झाले असते. तिने ते बसवले.

सोमवारी शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, प्रोग्राममध्ये मराठी आणली म्हणून निषाद सरांचा सत्कार ठेवलाय. तुम्हीही असंच काहीतरी करत होतात ना? मग त्यांच्याबद्दल दोन शब्द तुम्हीच बोला."