गरिबांची टंचाई

"आणखी एक घास घातलात तर इथेच प्राण सोडीन, बाईसाहेब!" टोबायसने थॉमसिनबाईंच्या हातातला वाडगा दूर सारला. "गरीब आहे मी. पोतं नाही."

थॉमसिन गारबोल्डबाईंना अशा उत्तराची सवय नव्हती. ऑल्डरफील्डमध्ये त्यांच्यापुढे पाद्रीदेखील खाकरून मगच बोलत असे. पण प्रसंग बाका होता. वर्षानुवर्षे पावसाने पीक कुजत होते आणि राणीसरकारचा हुकूम सुटला होता: खात्यापित्या घरांनी दर बुधवारी व शुक्रवारी रात्रीचे जेवण सोडावे आणि ते गरिबाच्या मुखी घालावे. कोणी कोणाला जेवू घातले, हे पाद्री रविवारी चर्चमध्ये मोठ्याने सांगणार होता.

अडचण इतकीच, की गावात गरीबच उरले नव्हते. वसंतातच कोतवालाकरवी त्यांना ओढ्यापलीकडे, विदरशॅमच्या हद्दीत हाकलून झाले होते. कल्पना थॉमसिनबाईंचीच. टोबायस तेवढा राहिला, कारण त्या दिवशी तो झोपला होता आणि कोणाच्यानेही हलवेना.

"कुणाकडे एवढं गिळलंस रे?"

"सगळ्यांकडे. लमिसबाईंनी तर रात्रीचं जेवण पहाटेच वाढलं. लोण्यातला मासा होता."

लमिसबाईंचे नाव चर्चमध्ये घेतले जाणार आणि गारबोल्डांचे नाही! बाईंनी शाल आवळली आणि कोणालाही न सांगता त्या ओढ्यात उतरल्या. हुकूम रात्रीपुरता होता. बाईंनी मात्र ईर्षेने सकाळपासून अन्नाला स्पर्श केला नव्हता. मध्यावर पाय घसरला. टोपी वाहून गेली. घागरा कमरेपर्यंत चिखलाने माखला.

विदरशॅमच्या पहिल्याच कोठाराच्या पायरीवर ॲनिस पास्क पोरीची वेणी घालत बसली होती. ही विधवा वसंतात हाकललेल्यांपैकीच.

"ॲनिस, ऊठ. रात्री माझ्याकडे जेवायचंय."

"आज नाही जमायचं, बाईसाहेब. आज गिरणीवाल्यांकडे बोलावलंय. शुक्रवारी पाद्रीबुवांकडे. हुकूम इथंही आलाय ना! पुढल्या बुधवारचं बघते."

"अगं, मी बोलावतेय तुला! मी!"

"मागं तुम्हीच म्हणालात, जा. मी गेले. तुमचा शब्द कधी मोडलाय का मी?"

बाईंनी तिचा दंड धरला आणि ओढला. पोर किंचाळली. तिच्या आवाजाने विदरशॅमचा कोतवाल नोक्स काठी घेऊन धावत आला.

"सोड तिला! आमचे गरीब पळवतेस?"

"तोंड सांभाळून बोल! मी थॉमसिन गारबोल्ड आहे. ओढ्यापलीकडची सगळी कुरणं माझी आहेत."

नोक्सने त्यांचे उघडे डोके पाहिले, चिखल पाहिला. "असतील, असतील. गेल्या आठवड्यात एक आली होती, ती म्हणे स्पेनची राजकन्या. कामाधामाशिवाय परगावी भटकणाऱ्याला काय शिक्षा आहे, ठाऊक आहे ना, आजी?" त्याने काठी ॲनिसकडे वळवली. "काय गं, ओळखतेस हिला?"

थॉमसिनबाईंनी ॲनिसकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी कोणाकडे असे पाहिले असेल. ॲनिसने वेणीची गाठ मारली, पोरीचा गाल पुसला आणि सावकाश मान वर केली.

"ओळखते तर. सकाळपासून उपाशी आहे बिचारी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

नोक्सचा चेहरा एकाएकी उजळला. त्याने काठी काखेत मारली, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "खरंच उपाशी? मग फटके राहू देत. आमच्या हिला दिवसभर शोधून एकही गरीब मिळालेला नाही हो. घरात नुसती रडारड चाललीय. चला आजी, माशाचं कालवण आहे, गरम भाकरी आहे. नाहीतर काठी आहेच."

थॉमसिनबाई ताठ मानेने त्याच्यापुढे चालू लागल्या. कालवणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. पावले आपोआप झपझप पडू लागली.

रविवारी विदरशॅमच्या पाद्रीने घसा साफ केला. "कोतवाल नोक्स यांच्या घरी," तो मोठ्याने म्हणाला, "परगावची एक निराधार म्हातारी, थॉमसिन. तिने दोनदा मागून घेतलं."