बारीक तुकडे

त्या संध्याकाळी आमच्या अग्निशमन केंद्रात रांधायची पाळी डार्लीनची होती. सॉसेज, बटाटे, ढोबळी मिरची एकाच ट्रेत पसरून तिने तो ओव्हनमध्ये सरकवला आणि भोंगा वाजला. जळत्या घरातून आम्ही ओपल आजींना बाहेर काढलं. त्यांच्या नवऱ्यापर्यंत, व्हर्जिल आजोबांपर्यंत, पोहोचताच आलं नाही. आजी दवाखान्यात जायला तयार होईनात, म्हणून मुलगी येईपर्यंत त्यांना केंद्रावर आणलं. डार्लीनने ओव्हन पुन्हा लावला. "घास उतरणार आहे कुणाला?" मी पुटपुटलो. "गप बस. आजी उपाशी आहेत," ती म्हणाली. ट्रे टेबलावर आला. कुणी हात लावेना. आजींनी एका सॉसेजचे बारीक तुकडे केले आणि ताटली शेजारी बसलेल्या कॅप्टनपुढे सरकवली. "सावकाश खा, व्हर्जिल. कवळी घरीच राहिलीय तुझी." "हो, सावकाश खातो," कॅप्टन म्हणाले. ताटली संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.