आठ बाय तीनची चौकट

“डावीकडे. अजून थोडा. छे, उतरव तो!” कॉरिन म्हणाली.

वेंडेलनं तीस पौंडांचा दगड पुन्हा पोटाशी धरला. गॅरेजच्या फरशीवर निळ्या चिकटपट्टीनं आठ बाय तीन फुटांची चौकट आखलेली होती. हे माशांच्या काचेच्या टाकीचं माप. दगड आधी असे बाहेर रचून पाहायचे, मनासारखे जमले की फोटो काढायचा, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि त्याच क्रमानं टाकीत उतरवायचे. एकदा ते आत बसले, की मग वर्षानुवर्षं त्यांना कुणी हात लावत नाही.

दगड समुद्रातले. अंगावर जांभळा थर, कपारींत जिवंत स्पंज, किडे, एखादा नखाएवढा खेकडा. सुकले की सगळं मेलं. म्हणून वेंडेल दर दहा मिनिटांनी त्यांच्यावर खारं पाणी फवारत होता आणि ओली फडकी पांघरत होता.

“मागच्या महिन्यात मी तापानं फणफणले होते, तेव्हा माझ्या कपाळावर ठेवलं होतंस का रे असं फडकं?”

“तुझ्या कपाळावर स्पंज उगवला असता तर ठेवलं असतं.”

कॉरिन खळखळून हसली. अकरा वर्षांच्या संसारात वेंडेलनं तिला या गॅरेजमध्ये कधी बोलावलं नव्हतं. या वेळी मात्र आपणहून म्हणाला, “मला दगड उचलता येतात, रचता येत नाहीत. नजर तुझी.” नजर तिची होतीच. टॅम्पा शहरातल्या अर्ध्या लग्नांचे गुच्छ तिच्या हातचे असत.

पण तिचं खरं लक्ष सोमवारकडे होतं. सोमवारी दत्तक संस्थेत तिसरी भेट होती. पहिल्या भेटीला वेंडेलची अचानक मीटिंग निघाली, दुसऱ्या वेळी पाठ धरली. संस्थेच्या बाईंनी आता स्पष्टच बजावलं होतं, या खेपेला दोघांच्या सह्या झाल्या नाहीत तर फाइल बंद. कॉरिन त्रेचाळीस वर्षांची होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तरी आठवडाभर तिनं विषय काढला नव्हता. हा चिडला की सगळंच मुसळ केरात.

“आता गुडघ्यांवर बस,” वेंडेल म्हणाला.

“ते कशाला?”

त्यानं स्वतःच्या मांडीजवळ तळहात धरला. “एवढ्या उंचीवरून गुहा आरपार दिसते का बघ.”

“इतक्या खालून कोण बघणार आहे?”

वेंडेल फवाऱ्याचं झाकण घट्ट करत बसला. ते आधीच घट्ट होतं.

“लहान कुणी असलं, तर,” तो म्हणाला.

कॉरिन गुडघ्यांवर बसली. समोरचा मोठा दगड आड येत होता. तिनं तो काढायला लावला, दुसरा तिरका टेकवला, तोही पटेना, मग सगळी डावी बाजू मोडून पुन्हा रचली. दीड तास गेला. शेवटी तिच्या नजरेला गुहेच्या पलीकडचा उजेड दिसला. तिला इतका आनंद झाला, की गुडघे सोलवटल्याचंही कळलं नाही.

“सोमवारी येशील ना?”

“आधी हे मार्गी लागू दे, कॉरी.”

हो म्हणाला नाही, हे खरं. पण नाहीही म्हणाला नाही. नवऱ्याच्या मौनाचा अर्थ लावायची बायकांना सवय होते, आणि अर्थ बहुधा आपल्याला हवा तोच लागतो. दगडालाही पाझर फुटतो, असं मनाशी म्हणत ती त्या रात्री शांत झोपली.

शनिवारी सकाळी, नंबर दिलेले दगड गॅरेजमध्ये खाऱ्या पाण्याच्या टबांत ठेवून, वेंडेल टाकी आणायला म्हणून निघाला. शनिवारी कॉरिन संध्याकाळी पाचपर्यंत तिच्या फुलांच्या दुकानात असे. हॉलमधली भिंत तिनं आदल्या दिवशीच मोकळी केली होती, पुस्तकांचं कपाट एकटीनं ढकलून. पण त्या दिवशी तिचं गुच्छांत मन लागेना. टाकी घरात येताना तिला पाहायची होती. अकरा वाजता तिनं उरलेली फुलं भागीदारणीवर सोपवली, वाटेत दोन क्यूबन सँडविच घेतली आणि वेंडेलला न कळवता घरी आली.

साडेअकराला ट्रक मागं येत येत दारात लागला. कॉरिन गॅरेजचं दार उघडून धावतच बाहेर गेली. ट्रकमधून पांढऱ्या मिशांचा, कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस उतरला. छातीवर नाव शिवलेलं होतं, एमॉस. त्यानं मागचं दार उघडलं. आत नुसत्या प्लास्टिकच्या रिकाम्या टोपल्या होत्या.

“टाकी कुठंय?” कॉरिननं विचारलं.

“टाकी? ती गुरुवारीच बसवली की, ताई. अर्धी भरली, मीठ जुळवलं, पाणी उबेला लागलं. आता हे दगड नेऊन उतरवले की झालं.”

कॉरिनला हसू आलं. “घर चुकलात तुम्ही. आमची भिंत अजून रिकामी आहे. या, दाखवते.”

एमॉसनं खिशातला कागद काढला. कागद बघितला, दगडांवरचे नंबर बघितले.

“वेंडेल प्रुइट ना? आठ बाय तीन? मग बरोबर आहे. तो तिकडेच आहे, खाडीपलीकडे, नळ जोडतोय. गॅरेजच्या कुलपाचा आकडा त्यानंच दिला. घरी कुणी नसेल म्हणाला होता.”

“तिकडे म्हणजे कुठं?” कॉरिनचा आवाज तिलाच ओळखू येईना. “कुणाच्या घरी बसवलीत टाकी?”

एमॉसचा चेहरा एकदम उजळला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“अच्छा, म्हणजे तुम्हीच वेंडेलची बहीण! अहो, त्याची पोरगी सकाळपासून काचेला नाक लावून बसलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतेय, आत्यानं रचलेला डोंगर कधी येणार?”