तीस टक्के सूट

"मावशी, एकाचं उत्तर आलंय. तूच वाच," भाची म्हणाली आणि तिनं लॅपटॉप वळवला.

सिस्टरनं चष्मा चढवला. वॉर्डातली नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती, तरी भाची सोडून सगळे तिला सिस्टरच म्हणत. दर आठवड्याला ती एक पत्र लिहून ई-मेलनं धाडायची. ज्यांच्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय, त्यांच्यासाठी. पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करावं, माणसाला न उठवता चादर कशी बदलावी, ताट भिरकावणाऱ्या वडिलांना काय बोलावं आणि काय गिळून टाकावं. पत्राचं नाव 'उशाशी'. वर्गणी भरली की पत्र यायचं, बंद केली की थांबायचं.

चारशे वर्गणीदार असले की घरभाडं, किराणा आणि तिच्या कंबरेची औषधं निघत. मागच्या महिन्यात ते चारशे अठरा झाले, आणि त्याच भरवशावर तिनं एका नर्सिंग होमची चालून आलेली नोकरी नाकारली. या महिन्यात ते तीनशे सत्त्याऐंशीवर आले होते.

स्क्रीनवर एकच ओळ होती. "ज्याच्यासाठी परत यावं, असं आता घरात कोणी राहिलेलं नाही."

"यांना परत या म्हणून कोणी सांगितलं?"

भाची नख कुरतडायला लागली. "मी. म्हणजे, कॉम्प्युटरनं. कोणी वर्गणी बंद केली की तीन दिवसांनी आपोआप मेल जातो. 'तुमची आठवण येते. परत या, तीस टक्के सूट.' सगळे असंच करतात गं. गळती थांबवायला."

"सगळ्यांचं गिऱ्हाईक कंटाळून जातं," सिस्टर म्हणाली. "आपलं दोनच कारणांनी जातं. माणूस उठून चालायला लागलं म्हणून, नाहीतर उचलून न्यावं लागलं म्हणून."

भाचीचा हात तोंडापासून खाली आला.

"किती जणांना गेलाय?"

"एकवीस."

सिस्टर रागावली नाही. रागावून एकवीस मेल परत येणार नव्हते. "आधी ते बंद कर," ती म्हणाली. बंद झाल्याची तिनं स्वतः खात्री करून घेतली. मग विचारलं, "यांचा नंबर आहे का आपल्याकडे?"

नंबर होता. आईचे केस झोपल्या जागी कसे धुवायचे असं त्यांनी मागे विचारलं होतं, तेव्हा खाली लिहिलेला.

"फोन करतेस? ते ओरडतील, मावशी."

"ओरडू देत. बावीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकण्यातच गेली."

सिस्टरनं फोन स्पीकरवर लावला. दोन-तीन रिंगमध्ये तो उचलला गेला. पलीकडचा माणूस पन्नाशीचा असावा.

"मी 'उशाशी'ची सिस्टर. तो मेल तुम्हाला जायला नको होता. चूक आमची आहे."

"मशीननं पाठवला असेल."

"मशीन आमचंच."

तो ओरडला नाही. म्हणाला, "आई गेली, त्याला आज आठवा दिवस. तुम्ही सांगितलेली ती हवेची गादी अजून फुगलेलीच आहे. काय करतात हो तिचं?"

गादी धुऊन, वाळवून कोणा गरजूला द्यावी, हे उत्तर सिस्टरच्या ओठावर आलं होतं. तिनं ते तिथंच ठेवलं.

"मी चिडून नव्हतं लिहिलं," तो म्हणाला. "तुमची पत्रं मी दोन-दोनदा वाचली आहेत. काय करायचं, कसं करायचं, शेवटल्या घोटापर्यंतचं सगळं त्यात आहे. त्याच्या पुढचं काहीच नाही. म्हणून बंद केलं."

माणूस खरं बोलत होता. दीडशेच्या वर पत्रं, आणि सगळी एकाच दारापाशी येऊन थांबलेली. वर्गणीदार तरी तिथून पुढे कुठे येणार? वॉर्डातही असंच होतं. खाट रिकामी झाली की चादर बदलायची, तासाभरात नवा पेशंट. नातेवाईक पिशव्या उचलून जिना उतरून जात. घरी जाऊन ते काय करतात, हे तिनं कधी कोणाला विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात फोनमधून बारीक किणकिण ऐकू आली.

"दोन वाजले," तो म्हणाला. "गजर आहे. आईची कूस बदलायची वेळ. दर दोन तासांनी लावलाय. काढून टाकावा असं मनात येतं, पण हात होत नाही."

काढून टाका, असं सिस्टर म्हणाली नाही. भाचीही लॅपटॉप सोडून ऐकत राहिली. गजर वाजत राहिला. त्या घरात, या खोलीत, तिघांच्या कानात. मग दमल्यासारखा आपला आपण थांबला.

"वाजल्यावर उठता?" सिस्टरनं विचारलं.

"उठतो."

"मग?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नसावं.

"मग उभा राहतो," तो म्हणाला.

सिस्टरनं वही पुढे ओढली, कोरं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं.

"कुठे उभे राहता?"