माशी आत येऊ नये म्हणून

शालूबाईच्या मुलाचं, हर्षलचं लग्न झालं त्या वर्षीचा वैशाख. डोणगावच्या शिवारात परदेशी बियाणं कंपनीच्या शेडनेटमध्ये ती आणि तिची धाकटी जाऊ पुष्पांजली टोमॅटोच्या फुलांना हातानं पराग लावत होत्या. दारावर कंपनीची पाटी होती: ‘उष्णतेच्या संकटात कामगाराचा जीव आधी.’ त्याच दाराला बाहेरून कुलूप होतं. पुष्पांजली भोवळ येऊन वाफ्यात पडली. “दार उघड बे, पोरगी मरून राह्यली!” शालूबाई ओरडली. जाळीपलीकडून सुपरवायझर म्हणाला, “मावशी, जरा दम धरा. बाहेरचा पराग घेऊन मधमाशी घुसली तं कंपनी सारं बियाणं नापास करते.” “काऊन बे, पाटी आमच्या जिवाची अन् कुलूप माशीसाठी?” गवतासाठी आणलेल्या विळ्यानं तिनं जाळी उभी फाडली. वारा आत आला, मागोमाग माश्या आल्या आणि फुलांवर बसल्या. पुष्पांजली त्याच दुपारी, वैशाखी अमावास्येला, मेहकरच्या दवाखान्याच्या वाटेवर वारली.