सहावं कॉलेज

"एव्हरेटकडे जाऊ नकोस," ड्वेन कोल्ब म्हणाला. "त्याला काय करायचंय ते करू दे."

त्याच्या हाताखालची उपकमिशनर मार्लिस दारात थबकली. गाडीची किल्ली हातातच राहिली. कॉन्फरन्सचा कमिशनर असं बोलतो?

मिनेसोटातल्या सहा छोट्या कॉलेजांची ही कॉन्फरन्स, म्हणजे खेळांपुरती संघटना. आपापसात खेळायचं, भांडायचं, आणि जो जिंकेल त्याने थेट राष्ट्रीय स्पर्धेत जायचं. पण त्यासाठी कॉलेजं किमान सहा हवीत. एक जरी गळालं तरी ती थेट वाट बंद, आणि वाट बंद झाली की बाकीचेही पांगणार. टॉरवाल्ड कॉलेजला शेजारच्या श्रीमंत कॉन्फरन्सने गुपचूप बोलावलंय, अशी कुणकुण मार्लिसला सकाळीच लागली होती. तिथला अध्यक्ष एव्हरेट लुंड. तिला कॉलेजात पळायला शिकवलं ते त्यानेच.

"तू काय, पुढच्या महिन्यात रिटायर होणार," ती फटकन बोलली. "मासे धरत बसशील. तुला कशाला चिंता?"

ड्वेनला राग आला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि त्या हसण्याने ती आणखीनच पेटली.

"थोडा धीर धर गं, मार्लिस."

"धीर? शिकागोची नोकरी चालून आली तेव्हाही तू हेच म्हणालास. थांब, ही खुर्ची तुझीच आहे. मी थांबले. आता खुर्ची द्यायची वेळ आली तर खालची जमीनच चाललीय!"

ड्वेनचं हसू मावळलं. "ते माझं चुकलंच," तो हळूच म्हणाला. "त्याची भरपाई करायची इच्छा आहे."

"कशी? केक कापून?" असं म्हणून तिने दार ओढून घेतलं.

वाटेत दोन्ही बाजूंना नुकतीच नांगरलेली काळी शेतं होती. मार्लिसला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. शिकागोला गेली असती तर आज कुठे असती, हा विचार तिने वर्षानुवर्षं दाबून ठेवला होता. आज तो उफाळून वर आला. सामन्यांची वेळापत्रकं, पंचांची भांडणं, बर्फात अडकलेल्या बसगाड्या, एवढ्यातच तिची उमेदीची वर्षं गेली. लग्न मोडलं तेही याच धावपळीत.

फोनवर विचारण्यात अर्थ नव्हता. या धंद्यात अशा बोलण्यांचा कुणी कुणाला पत्ता लागू देत नाही. सकाळी एका टेबलावर पॅनकेक खात एकमेकांना वचनं देतात, आणि दुपारी कळतं, गडी गेला दुसऱ्या कॉन्फरन्सला. म्हणून समोर बसूनच विचारायला हवं होतं.

एव्हरेट तिला पाहताच गोरामोरा झाला. "कॉफी घेणार, पोरी?"

"कोच, तुम्ही जाताय?"

"मला शपथ घातलीय. कुणाशी चकार शब्द काढायचा नाही."

"म्हणजे बोलावणं आलंय."

एव्हरेटने कपाळाला हात लावला. "तुझ्यापुढे मी नेहमी असाच पकडला जातो. हो, आलंय. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. व्यायामशाळेचं छत गळतंय, मार्लिस. पोरं बादल्या ठेवून बास्केटबॉल खेळतात. त्या कॉन्फरन्सकडे पैसा आहे, त्यांचे सामने टीव्हीवर दाखवतात. मी काय करू?"

"आणि उरलेली पाच? त्यांना कोण विचारणार?"

"तेच मला खातंय. आम्हाला एकट्यालाच बोलावलं, हे बाकीच्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग जाऊ नका." तिने खुर्ची पुढे ओढली. "मी शिकागो सोडलं ते या कॉन्फरन्ससाठी. ती मोडली तर माझं सगळं आयुष्य फुकट गेलं, कोच. मी कधी तुमच्याकडे काही मागितलंय?"

एव्हरेटने खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर मुली पळत होत्या. मग त्याने नाक शिंकरलं आणि तिच्यासमोरच फोन उचलला.

"लुंड बोलतोय. आम्ही येत नाही... हो, पूर्ण विचार करूनच... नाही, आता बदलणार नाही."

फोन ठेवताना तो थोडा गोंधळलेला दिसला.

"काय म्हणाले?"

"आधी गप्पच बसले. मग म्हणाले, ठीक, आयोवातली कॉलेजं जागेसाठी थांबलीच आहेत, त्यांना आत्ताच हो कळवतो."

"कळवू देत!" मार्लिस हसत सुटली. उठून तिने त्या म्हाताऱ्याला मिठी मारली. "छताचं आपण बघू, कोच. मी दारोदार हिंडेन."

"तू हिंडशील खरी," एव्हरेटने डोळे पुसले. "पळतानाही ऐकायची नाहीस."

ती गाडीपाशी आली तेवढ्यात ड्वेनचा फोन आला. सकाळचं भांडण ती विसरून गेली होती.

"ड्वेन, टॉरवाल्ड राहिलं! माझ्यादेखत त्याने नाही म्हणून सांगितलं. सहाच्या सहा शाबूत आहेत. तू उगाच हात टेकले होतेस!"

तिने गाडीचं दार उघडलं.

"ऐकतोयस ना?"

"मला त्या कॉन्फरन्सवाल्यांचा आत्ताच फोन येऊन गेला," ड्वेन म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "मार्लिस, त्यांनी आपल्या सहाही कॉलेजांना बोलावलं होतं. प्रत्येकाला वेगवेगळं, शपथ घालून; मलाही शपथ होती. घेतली तर सगळी घेणार, नाहीतर एकही नाही. पाचजण केव्हाच हो म्हणाले होते."

तिने वळून एव्हरेटच्या खिडकीकडे पाहिलं.

"आणि त्यांची नि आपली मिळून जी मोठी कॉन्फरन्स होणार होती," तो म्हणाला, "तिची कमिशनर तू होणार होतीस."