लाल टॅग

स्तनाच्या कॅन्सरवरची वासंतीची टार्गेटेड गोळी एकवीस दिवस घ्यायची आणि मग सात दिवस बंद ठेवायची. त्या सात दिवसांत रक्तातल्या पेशी सावरतात, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. तरी बाविसाव्या दिवशी नाश्ता झाल्यावर तिचा हात गोळ्यांच्या डब्याकडे गेलाच.

"इतका गुण येतोय, मग खंड कशाला पाडायचा?"

तिचा नवरा श्याम चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. मशीन दुरुस्तीला घेतलं की लावतात तो लाल टॅग त्याने बॅगेतून काढला आणि डब्याला बांधला. 'काम चालू आहे, सुरू करू नये. लावणार: श्याम. पुन्हा सुरू: सोमवारी, रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्यावर.'

"ज्याने लावला त्यानेच काढायचा," तो म्हणाला. "आमच्याकडे मॅनेजरसुद्धा हात लावत नाही."

"चांगला नियम आहे," वासंती म्हणाली. "एक जास्तीचा ठेवून जा. लागेल."

संध्याकाळी शिफ्ट संपवून आलेल्या श्यामने सवयीने फळीवरची तंबाखूची डबी काढली. डबीला लाल टॅग होता. लावणार: वासंती.

'पुन्हा सुरू'च्या पुढे तिने नुसती आडवी रेघ मारली होती.